सोबती की साथीदार? ‘ड्रॅगन एज २’मधील अँडर्सच्या बंडाचा प्रकरण अभ्यास

‘ड्रॅगन एज २’ या व्हिडिओ गेममध्ये कर्कवॉल शहरातली चँट्री, म्हणजे तिथले धर्ममंदिर, स्फोटात उद्ध्वस्त होते, तिचे अवशेष शहरावर कोसळतात, आणि त्यानंतर खेळाची गती अचानक मंदावते. ज्याने हे केले तो अँडर्स पळून जात नाही. तो एका खोक्यावर पाठमोरा बसून राहतो. खेळाडूच्या ताब्यात असलेली व्यक्तिरेखा, म्हणजे हॉक, त्याच्याजवळ उभी असते आणि निर्णय तिच्यावर सोपवला जातो: त्याला मारायचे, जाऊ द्यायचे, की पुढच्या लढाईत बरोबर घ्यायचे. प्रस्तुत अभ्यासाचे प्रकरण एवढेच आहे. मात्र तो निर्णय घेताना खेळाडूसमोर कोण बसलेले असते, हे ठरवायचे तर कथेतली जवळजवळ सात वर्षे मागे जावे लागते, आणि त्या वर्षांत आपण स्वतः काय काय केले तेही तपासावे लागते.

बायोवेअर या कंपनीने मार्च २०११ मध्ये प्रसिद्ध केलेला हा खेळ मी दोनदा पूर्ण केला. पहिल्या वेळी माझी हॉक स्वतः जादूगार होती आणि अँडर्सची जिवलग मैत्रीण झाली. दुसऱ्या वेळी माझा हॉक तलवारबाज होता, जादूगारांवर पहारा करणाऱ्या टेम्प्लरांची बाजू घेणारा होता, आणि अँडर्सशी त्याचे प्रत्येक पावलावर खटके उडाले. या दोन खेळींत जे सारखे घडले आणि जे वेगळे घडले, तेच या लेखाचे साधन आहे. अँडर्स बरोबर की चूक, या प्रश्नावर खेळाडू वर्षानुवर्षे वाद घालत आले आहेत. मला तो प्रश्न दुय्यम वाटतो. बंडखोर सोबती हा ज्या प्रकारच्या खेळात वावरतो त्या प्रकाराविरुद्धच अँडर्सचे बंड आहे, आणि ते समजून घेतल्याशिवाय खोक्यावर बसलेल्या माणसाचा अर्थ लागत नाही, असे मला म्हणायचे आहे.

थोडी पार्श्वभूमी आवश्यक आहे. थीडस या कल्पित जगात जादूची शक्ती दिसली की मुलाला घरातून काढून ‘सर्कल’ या संस्थेत ठेवले जाते. तिथे टेम्प्लर हे सशस्त्र धर्मसैनिक त्यांच्यावर पहारा करतात आणि या सगळ्यावर चँट्री या धर्मसंस्थेची सत्ता असते. ही भीती निराधार नाही, कारण जादूगाराच्या शरीरात राक्षस शिरू शकतो आणि तसे घडल्याची उदाहरणे खेळात वारंवार दिसतात. सर्कलमधल्या शिक्षांपैकी सर्वांत भयंकर म्हणजे ‘ट्रँक्विल’ करणे: स्वप्नांच्या जगाशी, म्हणजे ‘फेड’शी, असलेला जादूगाराचा धागा तोडायचा. त्यानंतर त्याला जादू येत नाही, स्वप्ने पडत नाहीत, आणि राग, प्रेम, दुःख यांपैकी काहीही वाटत नाही. तो शांतपणे सांगितलेले काम करत राहतो.

अँडर्स २०१० सालच्या ‘अवेकनिंग’ या आधीच्या भागात प्रथम भेटतो. तिथे तो सर्कलमधून पुन्हा पुन्हा पळालेला, थट्टेखोर, मांजर पाळणारा तरुण आहे. त्याच भागात ‘जस्टिस’, म्हणजे ‘न्याय’ नावाचा एक आत्मा एका मृत योद्ध्याच्या देहात अडकलेला भेटतो. दोन भागांच्या मधल्या काळात अँडर्सने त्या आत्म्याला स्वतःच्या शरीरात जागा दिली. ‘ड्रॅगन एज २’मध्ये तो डार्कटाउन या शहराखालच्या वस्तीत निर्वासितांसाठी दवाखाना चालवतो, पैसे घेत नाही, आणि दाराबाहेरचा कंदील पेटलेला असला की वैद्य आत आहे असे लोक समजतात. थट्टा अजून अधूनमधून करतो, पण मांजर राहिलेले नाही.

पहिल्या अंकातला कार्लचा प्रसंग मी या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा पुरावा मानते. हॉकला जमिनीखालच्या मोहिमेसाठी नकाशे हवे असतात. ते देण्याच्या बदल्यात अँडर्स आपला मित्र कार्ल याला सर्कलमधून सोडवण्यासाठी मदत मागतो. भेट रात्री ठरते. कार्ल पाठमोरा उभा असतो, बोलतो तेव्हा त्याचा आवाज सपाट असतो, आणि तो वळला की कपाळावरची खूण दिसते. त्याला ट्रँक्विल केलेले आहे. टेम्प्लर सापळा लावून बसलेलेच असतात. अँडर्सच्या त्वचेवर निळ्या भेगा उजळतात, आवाज बदलतो, लढाई होते. त्यानंतर जे घडते ते मी दोन्ही खेळींत श्वास रोखून पाहिले: आत्म्याच्या सान्निध्यामुळे फेडचा एक तुकडाच जणू त्या खोलीत आलेला असतो, आणि कार्लला काही क्षणांपुरते पुन्हा सगळे वाटू लागते. आपले काय झाले आहे हे त्याला कळते. हे वाटणे विझण्यापूर्वी आपल्याला मारून टाक, अशी विनंती तो मित्राला करतो.

ही भेट कर्कवॉलच्या चँट्रीत होते. जी इमारत शेवटी उडवली जाते तीच ही इमारत. पहिल्या खेळीत माझ्या लक्षात हे आले नव्हते. दुसऱ्या खेळीत आल्यावर मला अँडर्सच्या पुढच्या प्रत्येक वाक्याचे वजन बदललेले जाणवले. कथेत हा दुवा कोणी बोलून दाखवत नाही. अँडर्सने ती इमारत सत्तेचे केंद्र म्हणून निवडली, हे उघड आहे. त्याच छताखाली त्याने मित्राला स्वतःच्या हाताने संपवले असू शकते, हे खेळाडूने आठवायचे असते.

दुसऱ्या अंकाबद्दल थोडक्यात. सर्व जादूगारांना ट्रँक्विल करण्याची योजना आखणाऱ्या अ‍ॅल्रिक या टेम्प्लरला गाठताना जस्टिस अँडर्सचा पूर्ण ताबा घेतो, आणि ज्या एला नावाच्या मुलीला वाचवायचे तिच्यावरच तो उलटतो. हॉक योग्य शब्द बोलली तर ती वाचते, नाही तर मरते. नंतर कागदपत्रांतून दिसते की अ‍ॅल्रिकची योजना वरच्या पातळीवर आधीच नाकारली गेली होती. अँडर्सच्या समजुतीला धक्का देणारा हा एकमेव लेखी पुरावा आहे, आणि क्षणभर तो खरोखर हादरतो. पुढे कथा तीन वर्षांची उडी घेते. त्या तीन वर्षांत शहराचा शासक उरलेला नसतो, टेम्प्लरांची सेनापती मेरेडिथ सत्ता आपल्या हाती घेते, आणि तो हादरलेला माणूस आपल्याला पुन्हा दिसत नाही.

तिसऱ्या अंकात अँडर्स हॉककडे येतो आणि आपल्याला जस्टिसपासून वेगळे होण्याचा उपाय सापडला आहे, असे सांगतो. त्यासाठी दोन पदार्थ हवे असतात: ‘सेला पेट्रे’ आणि ‘ड्रेकस्टोन’. या प्रकारचे खेळ खेळणाऱ्या कोणालाही ही मागणी ओळखीची वाटते. सोबत्यासाठी पदार्थ गोळा करणे हे इथले नित्यकर्म आहे; दहा गुहा फिरायच्या, चमकणाऱ्या वस्तूवर बोट ठेवायचे, परत येऊन शाबासकी घ्यायची. मी दोन्ही पदार्थ काही विचार न करता आणून दिले. पहिला गटारांत सापडतो. नावाकडे नीट पाहिले असते तर ते सोऱ्याच्या लॅटिन नावाशी जवळजवळ जुळते, हे दिसले असते. आणि सोरा कशासाठी लागतो हे बंदुकीच्या दारूबद्दल शाळेत वाचलेल्या कोणालाही ठाऊक असते. म्हणजे खेळाने लपवलेले काहीच नव्हते. माझ्या सवयीने ते माझ्यापासून लपवले.

त्यानंतर तो आणखी एक गोष्ट मागतो: चँट्रीत जाऊन धर्मप्रमुख एल्थिना हिला काही वेळ बोलण्यात गुंतवून ठेव, आणि का ते विचारू नकोस. पहिल्या खेळीत मी हो म्हटले. एल्थिना वृद्ध आहे, सौम्य बोलते, दोन्ही बाजूंनी शांत राहावे असे तिला मनापासून वाटते, आणि शहर सोडण्याचा सल्ला ती मानत नाही. मी तिच्याशी सभ्यपणे बोलत उभी होते. अँडर्स परत आला, आम्ही निघालो. तिच्याशी झालेले ते संभाषण नंतर माझ्या मनातून कधीच गेले नाही.

मराठीत ‘सोबती’ आणि ‘साथीदार’ हे शब्द आपण बहुतेक वेळा एकमेकांच्या जागी वापरतो. तरी गुन्ह्याच्या बातमीत ‘आरोपी व त्याचे साथीदार’ असेच छापून येते, तिथे ‘सोबती’ कोणी लिहीत नाही. सोबती वाटेने बरोबर चालतो. साथीदाराचा कृत्यात वाटा असतो. या प्रकाराच्या खेळांनी खेळाडूला नेहमी सोबती दिले. अँडर्सने खेळाडूलाच आपला साथीदार करून घेतले, आणि तेही सोबतीपणाच्या नेहमीच्या रीतींचा वापर करून. मला तरी आजवर दुसऱ्या कोणत्याही सोबत्याने असे वापरलेले नाही.

याच मालिकेतल्या आधीच्या बंडांशी तुलना केली की फरक स्पष्ट होतो. २००९ सालच्या ‘ओरिजिन्स’ या पहिल्या भागात लोगेन या विश्वासघातकी सेनापतीला जीवदान देऊन आपल्यात घेतले तर अ‍ॅलिस्टर हा सोबती रागाने निघून जातो. मॉरिगन या जादूगार सोबतिणीने सुचवलेला विधी नाकारला तर ती अखेरच्या लढाईआधी साथ सोडते. पवित्र अस्थी भ्रष्ट केल्या तर विन ही सोबतीण शस्त्र उचलते. ही सगळी बंडे खेळाडूच्या एखाद्या कृतीला दिलेली उत्तरे आहेत. खेळाडूने एक केले म्हणून सोबत्याने दुसरे केले. म्हणजे बंडाची किल्ली अखेर खेळाडूच्याच खिशात असते, आणि खेळाचा आधी जतन केलेला टप्पा उघडून वेगळा पर्याय निवडला की ते बंड घडतच नाही. अँडर्सच्या बाबतीत अशी किल्ली नाही. पदार्थ आणून देण्यास नकार दिला तरी तो ते मिळवतो. एल्थिनाला गुंतवून ठेवायला नकार दिला तरी स्फोट होतो. त्याच्याशी मैत्री केली, प्रेम केले, वैर धरले, तरी स्फोट होतो.

‘मग माझ्या निर्णयांना अर्थ काय?’ अशी तक्रार अनेक खेळाडूंनी केली. मला ती समजते, आणि खेळाच्या शेवटाबाबतच्या काही आक्षेपांशी मी सहमतही आहे. उदाहरणार्थ, सर्कलचा प्रमुख ओर्सिनो ज्या तऱ्हेने शेवटी राक्षसी रूप घेतो त्याची कारणे कथेने पुरेशी पेरलेली नाहीत. परंतु अँडर्सपुरती ही तक्रार त्याच्या व्यक्तिरेखेचा अर्थच सांगते. सर्कलमध्ये वाढलेल्या माणसाचे संपूर्ण आयुष्य दुसऱ्याच्या परवानगीने चालले. अशा माणसाने आपल्या आयुष्यातली सर्वांत मोठी कृती पुन्हा कोणाच्या, म्हणजे आपल्या, परवानगीवर सोपवावी अशी अपेक्षा आपण ठेवतो, तेव्हा आपण टेम्प्लरांपेक्षा दयाळू असलो तरी त्यांच्याच जागेवर उभे असतो. हे मान्य करणे मला जड गेले.

या कृतीचे सर्वांत प्रचलित स्पष्टीकरण असे आहे की हे अँडर्सने केलेच नाही. त्याच्या रागाने बिघडून ‘न्याया’चा ‘सूड’ झालेल्या आत्म्याने ते केले. या वाचनाला आधार आहे. एलाच्या प्रसंगात ताबा सुटतो तो सर्वांसमोर. वैराच्या मार्गावर अँडर्स स्वतःच आत्म्याला आत घेतल्याचा पश्चात्ताप करू लागतो. तरीही स्फोटाच्या बाबतीत हे वाचन टिकत नाही असे माझे मत आहे. ताबा सुटलेला माणूस आठवडेच्या आठवडे पदार्थ जमवत नाही, खोटे कारण रचून मित्राला कामाला लावत नाही, आणि नंतर शिक्षेची वाट पाहत खोक्यावर बसत नाही. त्या सुमारास तो व्हॅरिक या दुसऱ्या सोबत्याला आईची आठवण म्हणून जपलेली जुनी उशी देऊन टाकतो. हा निरोप घेणारा माणूस आहे, आणि त्या वेळी त्याच्या त्वचेवर निळ्या भेगा नाहीत. आत्म्यावर दोष टाकल्याने आपल्याला तो मित्र निष्कलंक परत मिळतो, पण त्याची कृती मात्र त्याच्याकडून हिरावली जाते.

इथे कथाकारांनीही थोडी सोय करून ठेवली आहे, आणि ती मला खटकते. अँडर्सच्या टोकाला आत्म्याचे कारण आहे. मेरेडिथच्या टोकाला लाल लिरियम या जादुई खनिजाच्या मूर्तीने तिचे मन पोखरल्याचे कारण आहे. दोन्ही बाजूंच्या टोकाच्या माणसांना बाहेरून आलेला रोग दिला की व्यवस्थेवरचा प्रश्न पातळ होतो. मूर्ती शहरात येण्यापूर्वीही कार्लसारख्या, कसोटी पार केलेल्या जादूगाराला नियमाविरुद्ध ट्रँक्विल करता येत होते, ही गोष्ट मूर्तीमुळे झाकली जाऊ नये.

दुसऱ्या बाजूचेही पूर्ण सांगितले पाहिजे. एल्थिनाने कोणाला कैद केले नव्हते. तिचा दोष निष्क्रियतेचा होता, आणि निष्क्रियतेची शिक्षा मृत्यू असू शकत नाही. तिच्याबरोबर चँट्रीत आणखी कोण कोण होते याची मोजदाद कथा करत नाही. स्फोटानंतर मेरेडिथ संपूर्ण सर्कलच्या संहाराचा हुकूम देते, आणि त्या सर्कलमधल्या एकाही जादूगाराचा या कटात हात नव्हता. अँडर्सला हे उत्तर अपेक्षित होते. तडजोडीची वाटच उरू नये हा त्याचा उघड हेतू होता. ज्यांच्या मुक्तीसाठी त्याने हे केले त्यांचे मतही त्याने विचारले नाही. परवानगीशिवाय जगण्याचा हक्क मागणारा माणूस इथे इतरांच्या मरणाचा निर्णय त्यांच्या परवानगीशिवाय घेतो. त्याच्या बंडातली ही फट मला कोणत्याही युक्तिवादाने बुजवता आलेली नाही.

आणखी एक सावधगिरी बाळगायला हवी. ही सारी कथा व्हॅरिक कॅसँड्रा नावाच्या चौकशी अधिकाऱ्याला सांगत असतो, आणि तो तिखटमीठ लावून सांगतो हे खेळाने सुरुवातीलाच दाखवून दिलेले आहे. कार्लच्या प्रसंगात व्हॅरिकला बरोबर नेले नसेल, तर ते दृश्य त्याने ऐकीव माहितीवरून रचलेले ठरते. ज्याला उशी मिळाली त्याच माणसाच्या तोंडून आपण अँडर्सला ओळखतो. त्याच्या दवाखान्याचा कंदील एवढ्या मायेने वर्णन केला जातो, त्यामागे हेही कारण असू शकेल.

आता दोन खेळींतला फरक. ‘ड्रॅगन एज २’मध्ये सोबत्याशी नाते एका पट्टीवर मोजले जाते, एका टोकाला मैत्री, दुसऱ्या टोकाला प्रतिस्पर्धा, आणि दोन्ही टोकांना नाते पक्के झाल्याचा लाभ मिळतो. केवळ मधे राहणाऱ्याला काही मिळत नाही. मैत्रीच्या खेळीत अँडर्स खोक्यावर बसला तेव्हा तो आपल्या कृत्याशी ठाम होता, आणि मला उमगले की मी त्याला कधीही प्रश्न विचारला नव्हता. पट्टी आपल्या बाजूला सरकत राहावी म्हणून मी त्याच्या प्रत्येक वाक्याला मान डोलावली होती. प्रतिस्पर्धेच्या खेळीत तो खचलेला होता. त्या मार्गावर त्याला टेम्प्लरांच्या बाजूने लढायलाही राजी करता येते, आणि मी ते केले. ते पाहणे मला स्फोटापेक्षा कठीण गेले. स्वतःवरचा विश्वास उडालेला बंडखोर सांगितलेले काम करत होता, आणि मला कार्लचा सपाट आवाज आठवत होता.

पहिल्या खेळीत सेबॅस्टियन हा चँट्रीनिष्ठ सोबती अँडर्सच्या मृत्यूची मागणी करत होता. अँडर्सला सोडले तर सेबॅस्टियन साथ सोडतो आणि सैन्य घेऊन परतण्याची शपथ घेतो, हे मला त्या वेळी माहीत नव्हते. मी अँडर्सला मारले नाही. त्याला मारले असते तर एल्थिनाशी गोड बोलत उभी असलेली जी दुसरी व्यक्ती होती तिच्याविषयी काही ठरवण्याची गरज मला उरली नसती. मी त्याला बरोबर यायला सांगितले आणि सेबॅस्टियनला जाताना पाहिले.

शेवटच्या लढाईआधी मी सवयीने त्याच्या कौशल्यांचा तक्ता उघडला. इतर सोबत्यांप्रमाणे अँडर्सचाही खास त्याचा असा एक तक्ता असतो, आणि त्याचे नाव पहिल्या अंकापासूनच ‘सूड’ आहे. त्यात दोन अवस्था आहेत: एकीत तो आसपासच्या सर्वांच्या जखमा भरून काढतो, दुसरीत आत्म्याला मोकळे सोडून अधिक घाव घालतो. दोन्ही एकाच वेळी चालू ठेवता येत नाहीत. कोणती चालू ठेवायची ते खेळाडू ठरवतो. सबंध खेळभर, प्रत्येक चकमकीत, लढाई लवकर संपावी म्हणून मी दुसरी अवस्था चालू ठेवली होती. त्या दिवशी मी ती बंद केली, पहिली चालू केली, आणि आम्ही सर्कलच्या दिशेने निघालो.